दसऱ्याचा झेंडू : ओळख आणि लागवड

दसरा आला की दाराला तोरण लागते. नांगराला, विळ्याला, कोयत्याला, मोटारगाडीला झेंडूचा हार चढतो. शिरढोण गावात आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी. त्यांचे स्मारक गावात आहे. अशा थोर माणसाला हार घालायचा तरी झेंडूच लागतो. लग्न असो, पूजा असो, नवी वही उघडायची असो, झेंडूवाचून आपले चालत नाही.

मग हा झेंडू येतो कोठून? बहुतेक घाटावरून. पुणे, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून फुलांच्या गाड्या रात्री निघतात. त्यांतल्या पुष्कळ पनवेलवरूनच दादरच्या फुलबाजारात जातात. फूल आपल्या दारावरून पुढे जाते. मागाहून आपणच बाजारात जाऊन ते पैसे मोजून आणतो.

आपल्या वरकस जमिनीत, भाताच्या बांधावर, परसात झेंडू होत नाही काय? होतो, आणि चांगला होतो. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रोप ओळखून घ्यावे लागते आणि दिवस मोजून लावावे लागते. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी शेत पिवळेधमक झाले तर ते बघायला छान दिसते, पण पाटीभर फुलांना कोणी विचारत नाही. म्हणून या पाठात आम्ही ओळख आणि दिवसांचा हिशोब यांवरच जास्त लिहिले आहे. खुरपणी-भांगलणी तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते.

एक फूल की शंभर फुले?

झेंडूचे एक फूल हातात घ्या. देठाजवळ हिरवा पेला दिसेल. तो पेला नखाने उभा चिरा. आता आतल्या पाकळ्या एकेक उपटा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एक काळसर, बारीक काडी लागलेली दिसेल. तेच झेंडूचे बी.

आता विचार करा. जास्वंदीच्या पाकळीला असे बी लागलेले असते काय? नाही. मग झेंडूच्या पाकळीलाच का? कारण ती नुसती पाकळी नाही. ते एक आख्खे फूल आहे, लहान आणि लांबट. अशी पुष्कळ फुले एका पेल्यात दाटीने बसली की आपण त्याला एक झेंडू म्हणतो. खरे पाहता तो फुलांचा गुच्छ आहे.

काही झेंडूंत मध्यभागी बारीक नळ्यांची चकती असते आणि भोवती पाकळ्यांची एकच ओळ असते. त्याला एकेरी झेंडू म्हणतात. पाकळ्या भरगच्च असल्या तर तो दुहेरी, म्हणजे गेंदेदार. हाराला गेंदेदार लागतो. तो वजनाला भरतो आणि दोऱ्यात गच्च बसतो.

मध्ये चकती आणि भोवती पाकळ्या, अशी रचना तुम्ही आणखी कोठे पाहिली आहे? सूर्यफुलात. डोंगरउतारावर पिवळी फुलणाऱ्या खुरासणीत. शेवंतीत. भाताच्या खाचराच्या कडेला ओलीत उगवणाऱ्या माक्याच्या पांढऱ्या फुलात. वाटेवरच्या एकदांडीत. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीची पठारे पिवळी करून टाकणाऱ्या सोनकीत. ही सारी एकाच कुळातली, सूर्यफुलाच्या कुळातली. कूळ एक असल्यामुळे ही झाडे लहानपणी एकमेकांसारखी दिसतात. येथेच फसगत होते.

रोप ओळखायचे कसे?

बाजारात असे बोलणे नेहमी कानांवर पडते.

"मावशी, ही रोपं कसली?"

"झेंडूची हाय. घे ना."

"उंच की बुटका? पिवळा की भगवा?"

"फूल आलं का कळंल की!"

फूल आल्यावर कळून उपयोग काय? तोवर दोन महिने गेले. रोप घेतानाच ते पाहून घ्यावे.

झेंडूचे रोप असे असते. खालची पाने खोडावर समोरासमोर येतात, जोडीजोडीने. एका पानाला दोन्ही बाजूंनी लहान लहान पाने असतात, पिसासारखी. त्यांच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. पान उजेडाकडे धरले तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. हे तेलाचे ठिपके. पान चुरगळले की झेंडूचा उग्र वास येतो. तो वास एकदा नाकाने ओळखला की पुन्हा विसरत नाही.

शेवंतीचे पान वेगळे असते. ते एकसंध, पण कडेने खोल कातरलेले, जरा राखी छटेचे. पाने एकाआड एक येतात. शेवंती बहुधा बियांपासून करीत नाहीत. जुन्या झाडाच्या बुडाशी नव्या काश्या फुटतात, त्या लावतात. गलांड्याचे पान खरखरीत आणि लवदार असते, त्याचे फूल तांबडे आणि कडेला पिवळे. गलांडा काटक, पाण्यावाचून दिवस काढतो, पण दसऱ्याच्या तोरणाला झेंडूचा मान त्याला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. गाजर गवत.

हे गवत आपल्या देशातले नाही. ते अमेरिका खंडातले. भारतात त्याची नोंद १९५० नंतरच्या काही वर्षांत पुण्याला झाली. तेथून ते देशभर पसरले. आज रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, शाळेच्या आवारात, जेथे पाहावे तेथे ते उभे असते. त्याचीही पाने कातरलेली, गाजराच्या पानासारखी. तेही सूर्यफुलाच्याच कुळातले. शेणखतातून त्याचे बी वाफ्यात येते आणि झेंडूच्या रोपांत मिसळून उगवते. नवखा माणूस त्याला झेंडूच समजून पाणी घालतो आणि शेतात नेऊन लावतो.

ओळख अशी. गाजर गवताची पहिली पाने जमिनीलगत चक्रासारखी पसरतात. झेंडूचे रोप मात्र सरळ वर चढते. गाजर गवताची पाने एकाआड एक येतात, त्यांवर बारीक लव असते, रंग फिकट राखी-हिरवा. त्यात तेलाचे पारदर्शक ठिपके नसतात. पुढे त्याला लहान पांढरी फुले झुपक्यांनी येतात. प्रत्येक फुलाला पाच टोके दिसतात.

आधी पाहा, मग चुरगळा. हा क्रम उलटा करू नका. गाजर गवत हाताळून कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, कातडी लाल होते, चट्टे उठतात. त्याच्या परागाने काहींना शिंका येतात, दमाही लागतो. गुरांच्या पोटात गेले तर गुरांनाही बाधते, दुधाला कडू वास येतो. म्हणून ते काढताना हाताला पिशवी किंवा हातमोजा घाला. फूल येण्याच्या आधीच मुळासकट उपटा. एका झाडापासून हजारो बिया पडतात, फूल आल्यावर उपटले तर त्या बिया तुम्हीच गावभर पेरल्या असे होते. अंगावर चट्टे उठले तर घरचे लेप लावीत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

झेंडूच्या दोन जाती

बाजारात झेंडूला दोन नावे ऐकू येतात. एक आफ्रिकन, दुसरा फ्रेंच. आफ्रिकन झेंडू उंच वाढतो, दोन-तीन फूट, आणि त्याची फुले मोठी, गोल गेंदेदार असतात. फ्रेंच झेंडू बुटका, फुले लहान, त्यांत तांबूस मखमली रंग. आपण त्याला मखमल म्हणतो.

गंमत अशी की आफ्रिकन झेंडू आफ्रिकेचा नाही आणि फ्रेंच झेंडू फ्रान्सचा नाही. दोघांचेही मूळ मेक्सिकोकडचे. मिरची, बटाटा, पेरू जसे समुद्रापलीकडून आले तसाच झेंडूही आला, पोर्तुगीजांच्या काळात आला असे मानतात. मेक्सिकोत आजही १ आणि २ नोव्हेंबरला लोक आपल्या मेलेल्या माणसांची आठवण काढतात. त्या दिवशी घरात झेंडूची आरास करतात. आपण पितृपक्षात वाडी दाखवतो, तसाच तो त्यांचा सण.

हारासाठी आणि विक्रीसाठी उंच झेंडू लावावा. मखमल बांधाच्या कडेला, परसात शोभेला ठीक.

दिवसांचा हिशोब

दसरा दर वर्षी एकाच तारखेला येत नाही. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला झाला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने दसरा २० ऑक्टोबरला येतो. म्हणजे १८ दिवसांचा फरक. मागच्या वर्षी अमक्या तारखेला बी टाकले म्हणून यंदाही त्याच तारखेला टाकले तर गणित बिघडते. पंचांग किंवा भिंतीवरचे कॅलेंडर घ्या आणि दसऱ्यापासून मागे मोजत या.

बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ संकरित झेंडूंना बी पेरल्यापासून चांगली तोडणी मिळेपर्यंत सुमारे ९० दिवस धरावेत. पहिले ३० दिवस रोप वाफ्यात असते. पुढचे ६० दिवस शेतात. २० ऑक्टोबरपासून ९० दिवस मागे मोजले तर २२ जुलै येतो. म्हणजे २०२६ च्या दसऱ्यासाठी बी २२ जुलैच्या सुमारास वाफ्यात पडले पाहिजे आणि रोप २१ ऑगस्टच्या सुमारास शेतात गेले पाहिजे. तोवर भाताचे आवण लावून झालेले असते. हात मोकळे असतात. ही आपल्या भागाची मोठी सोय आहे.

पण थांबा. सगळेच झेंडू ९० दिवसांचे नसतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा नारंगी' नावाचा भगवा झेंडू काढला आहे. फूल सुरेख, पण त्याला पेरल्यापासून फूल यायला सुमारे १२५ ते १३५ दिवस लागतात. हे बी २२ जुलैला टाकले तर दसरा जाईल, दिवाळीही जाईल, मग फूल येईल. त्याला जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच टाकले पाहिजे.

हे समजायचे कसे? पाकिटावर लिहिलेले असते. म्हणून पाकीट हातात घेतले की आधी ते वाचा. जातीचे नाव वाचा. किती दिवसांत फूल येते ते वाचा. ते दिवस बी पेरल्यापासून मोजले आहेत की रोप लावल्यापासून, हे नीट बघा. येथे ३० दिवसांचा घोळ होतो. बी कोणत्या तारखेपर्यंत चांगले आहे ती तारीखही बघा. दुकानदार म्हणेल, "काका, घ्या हो, सगळं सारखंच असतं." सारखे नसते. अक्षर लावायला वेळ लागला तरी हरकत नाही, दुकानात उभे राहून वाचा. पाकीट फेकून देऊ नका आणि पावती मागून घ्या. बी खोटे निघाले तर कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करायला हे दोन कागदच उपयोगी पडतात.

वाफा आणि लावणी

रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो. घाटापलीकडच्या कोरड्या भागात तो पाचशे-सहाशेच्या आसपास. घाटावरचा माणूस झेंडूला पाणी कसे मिळेल याची काळजी करतो. आपण पाणी कसे निघून जाईल याची करायची. घाटावरची पद्धत जशीच्या तशी उचलली तर आपल्याकडे रोपे कुजतात.

म्हणून वाफा गादीवाफाच करा. अर्धा फूट उंच, तीन फूट रुंद. कुजलेले शेणखत माती चाळून मिसळा. बोटाने रेघा ओढा, बी टाका, वर बारीक मातीचा पातळ थर द्या. बी खोल गाडू नका. वाफा उघड्यावर ठेवाल तर एकाच सरीत बी वाहून जाईल. चार बांबू रोवून वर पातळ प्लास्टिकचा कागद टाका, बाजू मोकळ्या ठेवा, म्हणजे वारा खेळेल. चार ते सात दिवसांत बी उगवते. रोपे दाट झाली की बुडाशी कुजून माना टाकतात. तेव्हा विरळणी करा आणि पाणी बेताने द्या.

चार-पाच पाने आलेले, वीतभर उंच, जाड खोडाचे रोप लावायला चांगले. लांबुडके, पिवळट रोप घेऊ नका. वाफ्यातच कळी धरलेले रोपही नको. त्याची वाढ खुंटलेली असते.

जागा उताराची, उन्हाची बघा. वरकसावर उताराला आडवे गादे करा आणि दोन गाद्यांमध्ये चर ठेवा. भाताचा रुंद बांध असेल तर बांधावर एक ओळ लावा. बांधाची जागा तशीही रिकामीच असते. झाडाच्या सावलीत झेंडू लावू नका, पाला वाढतो आणि फूल कमी येते. उंच जातीत दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. आपल्या दमट हवेत यापेक्षा दाट लावणे बरे नाही. संध्याकाळी लावा आणि माती बुडाशी दाबा.

रोप लावल्यापासून तीन आठवड्यांच्या आत शेंड्याचे टोक खुडा. हे ऐकून पुष्कळांना जिवावर येते. वाढते रोप कशाला मोडायचे? पण शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात आणि फांदी तितकी फुले. मात्र शेंडा खुडल्याने फूल थोडे उशिरा येते. लावणीला उशीर झाला असेल तर शेंडा खुडू नका, आहे तेवढे फूल वेळेवर येऊ द्या.

खत किती? शेणखत सढळ हाताने. युरिया मात्र जपून. युरिया जास्त पडला की झाड हिरवेगार, उंच होते आणि वाऱ्यापावसात आडवे पडते. उंच झाडाला काठीचा आधार द्या, बुडाला मातीची भर लावा.

सततच्या पावसात पानांवर काळे-तपकिरी ठिपके येतात, कळ्याही काळ्या पडतात. हा करपा. ठिपक्यांची पाने आणि कळ्या काढून दूर पुरा. पाऊस उघडून ऊन तापले की पानांमागे लाल कोळी येतो, पाने धुळकट दिसतात. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा फवारा मारला तर तो कमी होतो. रोग आवरत नसेल तर औषध ऐकीव माहितीवर मारू नका. रोगट फांदी पिशवीत घालून सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

झेंडूचा आणखी एक गुण आहे. त्याच्या मुळांतून जो रस सुटतो त्याने मातीतले सूत्रकृमी कमी होतात. टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणारे तेच किडे. शिवाय फळ पोखरणारी अळी घालणारा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो. म्हणून टोमॅटोच्या दर १४ ते १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात. हिवाळ्यात भाजीपाला करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे.

एका गुंठ्याचा हिशोब

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एका रोपाला दोन गुणिले दीड, म्हणजे ३ चौरस फूट जागा. १०८९ ला ३ ने भागा. ३६३ रोपे बसतात. मर धरून ४०० रोपे तयार ठेवा. झेंडूच्या एका ग्रॅममध्ये ३०० च्या आसपास बिया असतात, म्हणजे दोन ग्रॅम बी पुरे.

चांगल्या पिकात हेक्टरी १० टनांच्या पुढे फूल निघते. त्या मानाने गुंठ्याला १०० किलो येते. पण आपण पावसाळी पीक घेतो. करपा, वारा, मार बसलेली फुले धरून हिशोब निम्म्यावर, ५० किलोवर करा. त्यावर बाजारात विचारलेला भाव लावा. त्यातून बी, खत, बांबू-कागद आणि गाडीभाडे वजा करा. मग ठरवा. पहिल्या वर्षी एका गुंठ्यापेक्षा जास्त लावू नये असे आम्हाला वाटते. दसऱ्याचा भाव आदल्या दिवशी सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसराच. घाटावरून गाड्या जास्त आल्या की तो कोसळतो. कर्ज काढून करण्याचे हे पीक नव्हे.

आपला फायदा एकच, पण मोठा. शिरढोणहून पनवेलचा बाजार हाकेच्या अंतरावर आहे. घाटावरचे फूल रात्रभर गाडीत दाबून येते. तुमचे फूल पहाटे तोडले तर उजाडता बाजारात पोचते. ते टवटवीत फूल गिऱ्हाईक लांबून ओळखते. फूल पूर्ण उमलल्यावर तोडा. ओले फूल तोडू नका. ते वजनाला जास्त भरते खरे, पण पाटीत तापते आणि दुपारपर्यंत काळे पडते. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फिरकत नाही. घरातल्या बायकांना वेळ असेल तर सुटे फूल विकण्याऐवजी हार आणि तोरणे करून विका. आंब्याची पाने आणि भाताच्या ओंब्या घालून केलेले तोरण आपल्याकडेच होते. मजुरी घरात राहते.

बी घरी धरता येते काय? संकरित जातीचे धरू नका. त्याच्या बियांपासून आलेली झाडे एकसारखी निघत नाहीत, कित्येक एकेरी निघतात. साध्या गावठी झेंडूचे मात्र धरावे. सगळ्यात चांगल्या झाडाला आधीच दोरा बांधून ठेवा, म्हणजे कोणी तोडणार नाही. फूल झाडावरच पूर्ण वाळू द्या. वाळलेले फूल कोरड्या दिवशी काढा, सावलीत आठवडाभर ठेवा, मग पेला फोडून काळ्या काड्या वेगळ्या करा. पोकळ, फिकट बी टाकून द्या. राहिलेले कागदाच्या पुडीत घाला आणि पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पुडीवर आपल्या हाताने लिहा : झेंडू. गावठी. उंच. भगवा. बी धरल्याची तारीख. आणि त्याखाली आणखी एक ओळ, कोणत्या तारखेला पेरले होते आणि पहिले फूल कोणत्या तारखेला आले. पुढच्या वर्षी दसऱ्यापासून मागे मोजताना दुकानाच्या पाकिटापेक्षा ही ओळ जास्त उपयोगी पडेल, कारण ती तुमच्याच मातीत मोजलेली आहे.